क्रूझवर पाऊल ठेवण्याआधी: जहाजावरचे नियम, रीतभात आणि त्यामागची कारणं

क्रूझ जहाजावरचा जवळजवळ प्रत्येक नियम चार गोष्टींपैकी एकीपाशी येऊन थांबतो: आग, आजार, पाणी आणि घड्याळ. भर समुद्रात अग्निशमन दलाची गाडी येत नाही, जहाजावरचे कर्मचारीच आग विझवतात. दवाखाना असतो, पण तो छोटा. एकाच्या पोटातला संसर्ग दोन दिवसांत शेकडो लोकांपर्यंत पोहोचू शकतो. आणि धक्क्यावरून सुटलेलं जहाज एका प्रवाशासाठी परत फिरत नाही. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप पटतात.

घरून निघताना

पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी, ही बहुतेक कंपन्यांची अट असते. बुकिंगमधलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. खरी गफलत होते ती व्हिसाच्या बाबतीत. प्रत्येक बंदराचा देश वेगळा धरायचा, आणि ‘आपण तिथे उतरणारच नाही’ असं म्हणून चालत नाही. काही देशांच्या बंदरात नुसतं जहाज लागणार असलं तरी व्हिसा मागतात. बार्सिलोनाहून निघून तुर्कस्तानच्या एखाद्या बंदराला भेट देऊन परत बार्सिलोनाला येणाऱ्या सफरीत तुम्ही शेंगेन क्षेत्रातून, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, बाहेर पडता आणि पुन्हा आत येता. म्हणजे व्हिसा लागत असेल तर तो एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन आलेल्या प्रवाशाला चेक-इनच्या काउंटरवरच थांबवतात, आणि तिथे कुणाच्याही हातात काही उरलेलं नसतं.

गर्भवतींना सफर संपण्याच्या दिवशी चोविसावा आठवडा लागलेला असेल, तर बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत. बाळ किमान सहा महिन्यांचं असावं लागतं, महासागर ओलांडणाऱ्या लांब सफरींसाठी एक वर्षाचं. जहाजावरच्या दवाखान्यात प्रसूतीची किंवा नवजात बाळाच्या अतिदक्षतेची सोय नसते आणि हेलिकॉप्टरच्या टप्प्याबाहेर दिवसचे दिवस जातात, म्हणून ही अट. तिच्यात सूट मागू नये.

प्रवास विमा घेताना त्यात जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, ते वाचून पाहावं. जहाजावरच्या डॉक्टरांची फी, तपासण्या, सलाइन हे सगळं तुमच्या खात्यावर चढतं.

बॅगेत काय नको

इस्त्री, पाणी उकळायची किटली, शेगडी, मेणबत्त्या, उदबत्त्या, धार असलेल्या सुऱ्या, ड्रोन हे सगळं स्कॅनरवर सापडतं. मग बॅग केबिनपर्यंत न येता सुरक्षा कक्षात जाऊन बसते आणि तुम्हाला ती उघडून दाखवायला बोलावतात. ‘बॅग अजून का आली नाही’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

सर्वांत जास्त वाद होतो तो एक्स्टेंशन बोर्डावरून, विशेषतः सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढल्यास उपकरणं वाचवणारा भाग, असलेल्या. घरी चालतो तो इथे का नाही? घरातल्या वीजजोडणीत दोन तारांपैकी एक, म्हणजे न्यूट्रल, जमिनीला जोडलेली असते. अनेक जहाजांवर दोन्हींपैकी एकही तार जहाजाच्या पोलादी सांगाड्याला जोडलेली नसते. कुठे तरी एक तार सांगाड्याला टेकली तरी वीज लगेच खंडित होऊ नये, म्हणून मुद्दाम तशी रचना केलेली असते. पण असा बिघाड झाला की घरगुती सर्ज प्रोटेक्टरमधल्या भागांवर नेहमीपेक्षा जास्त दाब येतो, ते तापत जातात आणि पेट घेऊ शकतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. साधा, सर्ज प्रोटेक्टर नसलेला यूएसबी चार्जर किंवा प्लग अडॅप्टर बहुतेक ठिकाणी चालतो, तरी आपल्या कंपनीची यादी आधी पाहून घ्यावी. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चार-पाच चुंबकी हुक नेले तर टोप्या, ओले कपडे, कार्डाची दोरी टांगायची छान सोय होते.

दारूबाबत अनेक कंपन्या चढायच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला वाइनची एक, ७५० मिलिलिटरची बाटली नेऊ देतात, काही तीही नाही. बंदरात घेतलेली बाटली गँगवेवर, म्हणजे जहाजात चढण्या-उतरण्याच्या वाटेवर, ठेवून घेतात, पावती देतात आणि शेवटच्या संध्याकाळी परत करतात. पिण्याचं किमान वय सफर कुठून निघते त्यावर ठरतं: अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर सहसा २१, युरोपातून निघणाऱ्यांवर बहुधा १८.

हातातली बॅग नीट विचार करून भरावी. मोठी बॅग टर्मिनलबाहेर हमालाकडे दिली की ती केबिनच्या दाराशी पोहोचायला कित्येक तास लागतात, कधी रात्रीच्या जेवणानंतर येते. म्हणून औषधं, चष्मा, पोहण्याचे कपडे, चार्जर, मुलांच्या गरजेच्या वस्तू आपल्याजवळ ठेवाव्यात. पासपोर्ट तर काहीही झालं तरी आपल्याजवळच. तो मोठ्या बॅगेत राहिला आणि बॅग हमालाकडे गेली, तर हजारो बॅगांच्या ढिगातून ती शोधेपर्यंत चेक-इन अडून राहतं.

चढायचा दिवस

शक्यतो आदल्या दिवशीच बंदराच्या शहरात पोहोचावं. चेक-इन साधारण तास-दीड तास आधी बंद होतं, कारण प्रवाशांची अंतिम यादी सुटण्यापूर्वी अधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. त्या यादीत नाव नसेल तर जहाज डोळ्यांसमोर उभं असूनही चढता येत नाही. दिलेल्या वेळेच्या फार आधी गेल्यानेही फायदा नाही, टर्मिनलवर रांगा वाढतात एवढंच.

चेक-इनला फोटो काढतात आणि क्रूझ कार्ड देतात. खोलीची किल्ली, ओळखपत्र आणि पैशाचं पाकीट, तिन्ही हेच. जहाजावर रोख चालत नाही, सगळा खर्च खात्यावर चढतो. खात्याला डेबिट कार्ड जोडलं, तर जहाज रोज काही रक्कम अडवून ठेवतं आणि ती मोकळी व्हायला सफर संपल्यावरही काही दिवस जाऊ शकतात. त्यामुळे क्रेडिट कार्ड जोडणं बरं. कार्डावर छापलेलं एक अक्षर किंवा आकडा मात्र तिथल्या तिथे वाचून ठेवावा: ते तुमचं मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची जागा.

मस्टर ड्रिल: हे टाळायचं नाही

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चिविताव्हेक्कियाला चढलेल्या ६०० हून अधिक प्रवाशांची सुरक्षा कवायत झालेलीच नव्हती. त्या काळच्या नियमानुसार चढल्यापासून २४ तासांत ती घेतली तरी चालत असे. टायटॅनिकच्या दुर्घटनेतून जन्माला आलेल्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारात त्यानंतर बदल झाला. १ जानेवारी २०१५ पासून २४ तासांहून लांबच्या सफरीत ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर लगेच घेणं बंधनकारक आहे. हजेरी न लावणाऱ्याला नाव घेऊन बोलावतात, आणि तरीही न येणाऱ्याला कॅप्टन उतरवू शकतो.

आता अनेक जहाजांवर कवायत दोन टप्प्यांत होते. आधी फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर चित्रफीत पाहायची, भोंग्याचा आवाज ऐकायचा. मग आपल्या मस्टर स्टेशनवर चालत जाऊन कार्ड स्कॅन करून घ्यायचं. दुसरा टप्पा अनेक जण लिफ्टने जाऊन दोन मिनिटांत उरकतात. तसं करू नका. केबिनपासून स्टेशनपर्यंत जिन्याने जा आणि दारं मोजा. ‘बाहेर पडून डावीकडे, सात दारं, मग जिना, दोन मजले खाली’ असं वाक्यच मनात बांधून ठेवा. धुरात पाटी दिसत नाही, हाताला लागणारी दारं मात्र मोजता येतात. धूर असेल तर वाकून, जमिनीलगतच्या दिव्यांच्या पट्टीच्या अंदाजाने पुढे सरकायचं असतं.

संकटाचा इशारा असा: सात किंवा अधिक छोटे भोंगे आणि त्यानंतर एक लांब. याचा अर्थ ‘मस्टर स्टेशनवर या’. ‘जहाज सोडा’ असा त्याचा अर्थ नाही. तो हुकूम वेगळा असतो आणि तो कॅप्टनकडूनच येतो. इशारा ऐकल्यावर काय करायचं, ते आधीच ठरवून ठेवावं:

१. केबिनमध्ये असाल तर पायांत बंद बूट, अंगावर उबदार कपडे, नेहमीची औषधं आणि लाइफ जॅकेट केबिनमध्येच ठेवलेलं असेल तर तेही घ्या. बॅगा नाहीत.

२. केबिनबाहेर असाल तर लाइफ जॅकेटसाठी परत खोलीकडे जाऊ नका. स्टेशनवर जास्तीची असतात, आणि बऱ्याच नव्या जहाजांवर ती मुळात तिथेच ठेवलेली असतात. गर्दीच्या उलट दिशेने चढणारा एक माणूस अख्खा जिना अडवतो.

३. लिफ्ट वापरू नका. वीज गेली तर तुम्ही आत अडकता, आणि तुम्हाला सोडवायला माणसं पाठवावी लागतात.

४. मुलं खेळघरात असतील तर तिकडे धावू नका. त्यांच्या मनगटावरच्या पट्टीवर स्टेशनचं अक्षर असतं आणि कर्मचारी त्यांना थेट तिथे आणतात. आईवडिलांना हे सर्वांत अवघड जातं, म्हणून कवायतीच्या दिवशीच खेळघरातल्या लोकांशी बोलून खात्री करून घ्यावी.

५. स्टेशनवर पोहोचल्यावर शांत राहून नोंद होऊ द्या. सगळे जमून लाइफ जॅकेट घातल्यावर, जहाज सोडण्याचा हुकूम झाला की तीस मिनिटांत सगळ्या जीवरक्षक नौका पाण्यात उतरवता आल्या पाहिजेत, अशी सोलासची अट आहे. मोजणीत एक नाव कमी पडलं तर त्या माणसाला शोधायला कुणाला तरी धुरात परत जावं लागतं.

लाउडस्पीकरवर अधूनमधून ‘अल्फा’, ‘ब्राव्हो’, ‘ऑस्कर’ असे शब्द ऐकू येतात. बऱ्याच जहाजांवर ते अनुक्रमे वैद्यकीय मदत, आग आणि पाण्यात पडलेला माणूस यांचे संकेत असतात, मात्र कंपनीगणिक फरक पडतो. ते कर्मचाऱ्यांसाठी असतात. तुम्ही मार्गिका मोकळी ठेवायची आणि पुढच्या सूचनेकडे कान द्यायचे.

केबिन आणि बाल्कनी

बाल्कनीत सिगारेट ओढण्यावर बहुतेक सगळ्या कंपन्यांची बंदी आहे. २३ मार्च २००६ च्या पहाटे जमैकाकडे चाललेल्या ‘स्टार प्रिन्सेस’वर बाल्कनीत आग लागली. प्लॅस्टिकचं फर्निचर आणि बाल्कन्यांमधले प्लॅस्टिकचे आडोसे धरत ती वरच्या मजल्यांपर्यंत पसरली, शंभराहून अधिक केबिन खराब झाल्या, आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. तपासात सर्वांत संभाव्य कारण निघालं फेकलेलं सिगारेटचं थोटूक. समुद्रात भिरकावलेलं थोटूक पाण्यात पडेलच असं नाही. चालत्या जहाजाच्या बाजूने वारा वर आणि आत वळतो, आणि ते खालच्या किंवा मागच्या बाल्कनीतल्या टॉवेलवर जाऊन बसतं. धूम्रपानाची जागा डेकवर आखून दिलेली असते, तिथेच जावं. ई-सिगारेटलाही हाच नियम.

याच कारणाने कठड्यावर टॉवेल किंवा पोहण्याचे कपडे वाळत घालू नयेत. आणि समुद्रात काहीही टाकू नये: मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्लॅस्टिकचा लहानसा तुकडाही कुठल्याच समुद्रात टाकायला परवानगी नाही.

कठड्यावर बसणं, चढणं, फोटोसाठी बाहेर झुकणं, मुलाला वर उभं करणं यासाठी अख्ख्या कुटुंबाला पुढच्या बंदरात उतरवलं जाऊ शकतं. कठडा साधारण छातीच्या आसपास, म्हणजे एक मीटरहून थोडा उंच असतो. त्याच्या उंचीमुळे माणूस आपोआप पडत नाही, चढला तरच पडतो. बाल्कनीतल्या खुर्च्या कठड्यापासून दूर ठेवाव्यात, मुलं त्या ओढत नेऊन वर चढतात.

कुणी पाण्यात पडलेलं दिसलं तर मोठ्याने ओरडा, जवळ असेल ती लाइफ रिंग टाका, आणि बोट त्या माणसाकडे रोखून ठेवा. नजर क्षणभरही हटवू नका. निरोप द्यायला दुसऱ्याला पाठवा. लाटांमध्ये डोकं काही सेकंदांतच दिसेनासं होतं, जहाज पुढे निघून गेलेलं असतं, आणि परत फिरताना तुमचं रोखलेलं बोट हीच दिशा उरते.

दारांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बोटं चेंगरण्याचे प्रसंग इथेच होतात. केबिनचं दार आगरोधक आणि जड असतं, ते आपोआप बंद होतं. बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडलं, तर वारा सरळ आरपार जातो आणि दार गोळीसारखं आपटतं. नियम साधा: एका वेळी एकच दार उघडं, आणि हात मुठीवर, चौकटीवर कधीच नाही. समुद्र खवळलेला असताना एक हात सतत कठड्यावर किंवा भिंतीच्या दांडीवर असावा. डेकवर आणि न्हाणीघरात दाराला उंच उंबरठे असतात, पाय उचलून टाकावा.

शौचालय हवेच्या दाबाने खेचणारं असतं. नळ्या जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरच्या. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, कापूस, उरलेलं अन्न यांतलं काहीही आत गेलं तर फक्त तुमचं नाही, त्या नळीवरच्या ओळीतल्या सगळ्या केबिनचं शौचालय बंद पडतं. पाकिटावर ‘फ्लश करता येतं’ असं छापलेलं असलं तरी नाही. झाकण बंद करूनच बटण दाबावं.

भिंती पातळ असतात. दहाच्या पुढे मार्गिकेत गप्पा नकोत, मुलांच्या शर्यती तर नकोतच. व्हीलचेअर, स्कूटर, बाबागाडी मार्गिकेत ठेवू नये. धुरात चाचपडत येणारा माणूस तिला अडखळून पडेल. ती केबिनमध्ये मावेल का, हे दाराची रुंदी विचारून बुकिंगच्या वेळीच पाहावं.

हात, बुफे आणि नोरोव्हायरस

जहाजावर पसरणाऱ्या पोटाच्या आजारांमध्ये नोरोव्हायरस सर्वांत बदनाम आहे. तो अगदी थोड्या कणांनीही लागतो, पृष्ठभागांवर दिवसेंदिवस टिकतो, आणि महत्त्वाचं म्हणजे अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही. बुफेच्या दाराशी सॅनिटायझरचा फवारा घेऊन आत जाणं ही शिस्त म्हणून ठीक, पण तो हात धुण्याला पर्याय नाही. साबण आणि वाहतं पाणी, किमान वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली. शौचालयातून बाहेर पडताना दाराची मूठ कागदाने धरावी.

बुफेवर प्रत्येक फेरीला नवी ताटली घ्या. उष्ट्या ताटलीला लागलेला चमचा पुढच्या माणसाच्या हातात जातो. पदार्थ चिमट्यानेच उचला, हाताने पाव दाबून पाहू नका. पाण्याच्या नळाखाली आपली बाटली थेट धरू नका: तोंड लावलेल्या बाटलीचा काठ नळाला टेकतो आणि त्यानंतरचे दोनशे ग्लास त्याच नळाखाली भरले जातात. आधी ग्लासात घ्या, मग बाटलीत ओता. रांगेत मधे घुसण्याबद्दल वेगळं सांगायला नको. एखादाच पदार्थ हवा असेल तर मात्र विचारून तेवढा घेतला तर कुणी हरकत घेत नाही.

उलटी किंवा जुलाब सुरू झाले तर लपवू नका. केबिनमधून फोन करून दवाखान्याला कळवा, स्वतः चालत जाऊ नका. सहसा त्रास थांबल्यानंतरही ४८ तासांपर्यंत केबिनमध्येच राहायला सांगतात, जेवण तिथेच पोहोचवतात. सहल बुडते हे खरं, पण लपवणारा माणूस जिन्याच्या दांडीपासून लिफ्टच्या बटणापर्यंत सगळीकडे हात लावत फिरतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या अखत्यारीतल्या सफरींमध्ये ३ टक्के प्रवाशांना किंवा कर्मचाऱ्यांना लक्षणं दिसली, तर ती साथ म्हणून जाहीर होते, आणि मग स्वतः वाढून घ्यायचा बुफे सगळ्यांसाठीच बंद होऊ शकतो. सार्वजनिक जागी कुणाला उलटी झाली तर पुसायला जाऊ नका, दूर व्हा आणि जवळच्या कर्मचाऱ्याला सांगा. त्यांच्याकडे त्यासाठी वेगळी औषधं आणि हातमोजे असतात.

तलावाचा नियमही इथलाच. अजून लंगोट वापरणाऱ्या बाळांना, पोहण्याच्या खास लंगोटासकट, मुख्य तलावात किंवा गरम पाण्याच्या टाकीत उतरवू नये. अपघात झाला तर तलाव रिकामा करून निर्जंतुक करावा लागतो आणि तो काही तास बंद राहतो. उतरण्याआधी शॉवर घ्यावा.

डेकवरची रीत

सकाळी सातला टॉवेल टाकून खुर्ची अडवायची आणि अकराला यायचं, यावरून जहाजावर रोज भांडणं होतात. अनेक जहाजांवर तीस-चाळीस मिनिटं रिकाम्या राहिलेल्या खुर्चीवरच्या वस्तू उचलून ठेवतात. स्वतः दुसऱ्याचा टॉवेल उचलू नये, डेकवरच्या कर्मचाऱ्याला सांगावं. कुटुंबासाठी एखादी खुर्ची धरून ठेवली आणि माणूस पाण्यात दिसतोय, तर कुणी काही म्हणत नाही.

लिफ्टमधून उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावं. पाय धड असतील तर एक-दोन मजले जिन्याने जावं, कारण व्हीलचेअरवरच्या माणसाकडे दुसरा मार्गच नसतो. नाट्यगृहात एक-दोन जागा धरणं चालतं, अख्खी रांग नाही. स्पीकरवर व्हिडिओ कॉल कुठेही नको. कॅसिनोच्या टेबलांचे आणि सुरक्षा तपासणीचे फोटो काढू नयेत.

फोन जहाज सुटताच फ्लाइट मोडवर टाकावा आणि वाय-फाय वेगळा सुरू करावा. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क चालू होतं, ते उपग्रहाच्या दराने आकारतं आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा बसत नाही. कंपनीचं ॲप घरूनच उतरवून घ्यावं.

जेवणाचं टेबल

ठरलेल्या वेळेचं टेबल घेतलं असेल तर वेळेवर जावं, कारण त्यानंतर तेच टेबल दुसऱ्या पाळीचं असतं. ॲलर्जी बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावी, आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला तोंडी पुन्हा सांगावी. दुसऱ्या हॉटेलात किंवा बुफेवर जाल तर तिथेही पुन्हा, ती माहिती आपोआप सगळीकडे पोहोचते असं धरून चालू नये. पोहण्याच्या ओल्या कपड्यांत किंवा अनवाणी कुठल्याही भोजनगृहात जाऊ नये. औपचारिक रात्री कोट किंवा साधा नीटनेटका पोशाख पुरतो. तेवढंही नको असेल तर त्या रात्री बुफेवर जेवावं.

बंदर आणि जहाजाचं घड्याळ

परत यायची वेळ जहाजाच्या घड्याळानुसार असते, फोनच्या नव्हे. फोन किनाऱ्यावरच्या टॉवरला लागताच स्वतःची वेळ बदलतो. उन्हाळ्यात फ्लोरिडाहून निघालेलं जहाज तिथलीच वेळ ठेवून मेक्सिकोच्या कोझुमेलला लागलं, तर स्थानिक घड्याळ त्याच्या एक तास मागे असतं. फोनवर तीन वाजलेले असतात तेव्हा जहाजावर चार. ‘अजून तास आहे’ म्हणून बाजारात रेंगाळलेल्यांना शेवटी धक्क्यावरून जहाजाची पाठ दिसते. हाताला साधं घड्याळ बांधावं, ते गँगवेवरच्या घड्याळाशी जुळवावं, आणि उतरण्याआधी गँगवेवर लिहिलेल्या वेळेचा फोटो काढून ठेवावा. ती वेळ सहसा सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते.

कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः ठरवलेल्या गाडीला ही सवलत नाही. म्हणून स्वतंत्र फिरायचं असेल तर किमान दोन तास हाताशी राखावेत. जहाज थांबत का नाही? बंदरातून जहाज बाहेर काढायला वाट दाखवणारा पायलट ठरलेल्या वेळेला येतो, धक्का पुढच्या जहाजासाठी मोकळा करायचा असतो, भरतीचं गणित असतं. सुटण्याआधी आलं नसलेल्यांच्या केबिनची तिजोरी उघडून पासपोर्ट बंदरातल्या एजंटकडे ठेवतात. त्या एजंटचं नाव आणि नंबर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेले असतात, त्यांचाही फोटो हवाच. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मात्र तुमचा.

किनाऱ्यावर जाताना क्रूझ कार्ड आणि फोटो असलेलं एक ओळखपत्र जवळ असू द्या. पासपोर्ट तिजोरीत ठेवायचा की सोबत न्यायचा, हे त्या बंदराच्या सूचनेत लिहिलेलं असतं.

जिथे जहाज धक्क्याला न लागता नांगर टाकून उभं राहतं, तिथे छोट्या टेंडर बोटीने जावं लागतं. इथली पायरी नीट समजून घ्यावी. बोट आणि जहाज वेगवेगळ्या तालात वरखाली होत असतात. फोन खिशात, पिशवी पाठीला, दोन्ही हात मोकळे. खलाशी तुमचं मनगट-कोपर धरेल, तुम्हीही त्याची बाही धरा, पंजा धरू नका, ओला पंजा निसटतो. बोट वर येऊन पायरीच्या बरोबरीला आली की तो ‘आता’ म्हणतो, तेव्हा एकच ठाम पाऊल. अर्धं टाकून मागे घेतलेलं पाऊल दोन्हींच्या मध्ये सापडतं. लाटा मोठ्या असतील तर व्हीलचेअरसह उतरायला नकार मिळू शकतो, कधी अख्खं बंदरच रद्द होतं. त्यावर काउंटरवरच्या मुलीशी वाद घालून उपयोग नाही, तो निर्णय कॅप्टनचा असतो.

कर्मचाऱ्यांशी वागताना

सागरी कामगार करार २००६ नुसार कर्मचाऱ्याला कुठल्याही २४ तासांत किमान १० आणि कुठल्याही सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. म्हणजे उरलेला वेळ कामाचा असू शकतो, आणि करार अनेकदा सहा ते नऊ महिन्यांचा, त्यात आठवड्याची सुट्टी नसते. तुमची केबिन दिवसातून एकदा-दोनदा आवरणारा माणूस आणखी कितीतरी केबिन आवरत असतो. सकाळी किती वाजता बाहेर पडणार, बर्फ हवा का, पलंग वेगळे करायचे का, हे पहिल्याच दिवशी सांगितलं की त्याचं काम निम्मं सोपं होतं. नावाने हाक मारावी, बिल्ल्यावर नाव असतं. चुटकी वाजवून बोलावणं कुठेच शोभत नाही. त्यांना तुमच्या केबिनमध्ये बसायला किंवा पार्टीला बोलावू नये, त्यांची नोकरी जाऊ शकते.

टिप बहुतेक जहाजांवर माणशी रोज आपोआप खात्यावर चढते, काहींवर भाड्यातच धरलेली असते. ती धोबीखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत, न दिसणाऱ्या लोकांतही वाटली जाते. एखाद्या तक्रारीच्या रागात ती पूर्ण काढून टाकली तर शिक्षा भलत्यालाच होते. तक्रार असेल तर ती त्याच दिवशी सांगा, शेवटच्या रात्री सांगितलेली तक्रार कुणी दुरुस्त करू शकत नाही.

शेवटची रात्र

बॅगांना दिलेल्या रंगाचे टॅग लावून त्या सांगितलेल्या वेळेपर्यंत, बहुधा रात्री अकराच्या आत, दाराबाहेर ठेवायच्या. जुने टॅग फाडून टाका. बाहेर ठेवण्याआधी उद्याचे कपडे, बूट, औषधं, पासपोर्ट, दात घासायचा ब्रश वेगळे काढून समोर मांडून पाहावेत. बूट विसरून सगळं बांधून टाकणारे आणि मग सपाता घालून इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहणारे दर सफरीला दिसतात. बॅग स्वतः उचलून नेणार असाल तर बाहेर ठेवायची नाही, आणि तेव्हा लवकरची उतरण्याची वेळ मिळते.

खात्याचं बिल ॲपवर किंवा टीव्हीवर त्याच संध्याकाळी तपासावं. सकाळी सहानंतर अतिथी सेवा काउंटरसमोर लांबलचक रांग असते. केबिन बहुधा आठ-साडेआठपर्यंत रिकामी करावी लागते, कारण दुपारी तिथे नवे प्रवासी येणार असतात. तिजोरी, उशीखाली, न्हाणीघराच्या दारामागचा हुक, आणि भिंतीवरचे चुंबकी हुक, हे चार कोपरे पाहूनच दार ओढावं.

जहाजावरचं फळ, सँडविच, दुधाचे पदार्थ बॅगेत टाकून उतरू नका. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका यांसारख्या देशांत ताजं फळ न सांगता आत नेलं तर दंड होतो, धक्क्यावर वास घेणारी कुत्री असतात. गँगवेपाशी टाकायला डबा ठेवलेला असतो. आणि आपला क्रमांक पुकारेपर्यंत जिन्यात बॅगा घेऊन उभं राहू नये, तोच जिना मदत लागणाऱ्या प्रवाशांना सर्वांत आधी खाली नेण्यासाठी मोकळा हवा असतो.